वाचक विचारतात : शाळेचा लॅक्रॉस संघ आणि आईबाबांची कामं

या वेळची बहुतेक पत्रं न्यू जर्सीतली आहेत आणि विषय एकच, हायस्कूलचा लॅक्रॉस संघ. ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात : टोकाला जाळीची झोळी असलेली स्टिक, रबराचा भरीव चेंडू, ११० बाय ६० यार्डांचं मैदान आणि सहा फूट उंच, सहा फूट रुंद गोल. मुलांच्या संघात दहा जण, मुलींच्या संघात बारा. मुळात हा हॉडेनोशोनी आणि उत्तर अमेरिकेतल्या इतर मूळ रहिवाशांचा खेळ. शाळांमध्ये तो वसंतात खेळला जातो, आणि २०२८च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये सहा-सहा जणांच्या रूपात परत येतो आहे.

प्रश्न : आमच्या गावच्या रिक्रिएशन लीगमध्ये आठवीपर्यंत लॅक्रॉस आहे, हायस्कूलमध्ये नाही. तीसेक मुलांचे पालक तयार आहेत. शाळेला कसं पटवायचं? (एक आई, मिडलसेक्स काउंटी)

उत्तर : पटवण्याआधी कॅलेंडर बघा. न्यू जर्सीत शाळांचं आर्थिक वर्ष १ जुलैला सुरू होतं. मार्चमध्ये सरावाला उतरणाऱ्या संघाचे पैसे आदल्या जुलैपासूनच्या बजेटमध्ये असावे लागतात, आणि ते बजेट त्याच्याही आधीच्या हिवाळ्यात आकार घेतं. म्हणजे पहिल्या सामन्याच्या दीड वर्ष आधी, सप्टेंबर-ऑक्टोबरात, तुमचा कागद ॲथलेटिक डायरेक्टरच्या, म्हणजे शाळेच्या क्रीडाप्रमुखाच्या, टेबलावर हवा. बजेट मंजूर झाल्यावर एप्रिलमध्ये बोर्ड ऑफ एज्युकेशनच्या सभेला साठ माणसं घेऊन गेलात तर लोक ऐकून घेतील, पण पैसे पुढच्या वर्षीच मिळतील.

त्या कागदावर सह्या नकोत, इयत्तावार आकडे हवेत. आज अकरावी-बारावीत असलेली मुलं त्यात धरू नका; संघ उभा राहील तेव्हा ती कॉलेजात असतील. एका संघाला किती मुलं लागतात त्याचा हिशेब असा : मिडफिल्डवाले सगळ्यात जास्त धावतात आणि मिनिटा-दोन मिनिटांत बदलले जातात, म्हणून त्यांच्या तीन फळ्या, म्हणजे नऊ जण. अटॅकला पाच, डिफेन्सला पाच, गोलकीपर दोन. झाले एकवीस. दुखापती आणि एपीच्या (कॉलेजच्या पातळीच्या विषयांच्या) परीक्षा धरल्या तर चोवीस. तुमच्या तीसपैकी नववी-दहावीत प्रत्यक्ष किती येणार, हे घरोघरी फोन करून विचारा. ऑनलाइन फॉर्मवर "हो" म्हणणं फुकट असतं.

डायरेक्टर काय विचारणार तेही ठरलेलं आहे. वसंतात मैदान कोणाच्या वाट्याला येतं, खेळाडूंच्या दुखापती पाहणारा ॲथलेटिक ट्रेनर आणखी एक संघ सांभाळू शकेल का, बस, पंचांचं मानधन, आणि मुलींच्या संघाचं काय. प्रतिस्पर्धी शाळांची वेळापत्रकं वर्षभर आधी भरलेली असतात, हा सहसा सगळ्यात अवघड मुद्दा ठरतो. आमचा सल्ला : पहिली दोन वर्षं व्हर्सिटी, म्हणजे शाळेचा मुख्य संघ, मागूच नका. क्लब संघ किंवा फक्त जेव्ही (ज्युनियर व्हर्सिटी, म्हणजे दुय्यम संघ) मागा. चौदा वर्षांच्या मुलांना अठरा वर्षांच्या मुलांसमोर उभं केलं की काय होतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. मुलांच्या हायस्कूल सामन्यात उत्तरार्धात बारा गोलांचा फरक पडला की घड्याळ सलग चालू ठेवतात. नियमालाही ते माहीत आहे! अशा पाच सामन्यांनंतर जी मुलं जातात ती परत येत नाहीत.

आणखी एक गोष्ट, जी कुणी विचारणार नाही पण तुम्ही स्वतःला विचारायची. असे बरेच संघ पाचव्या वर्षी बसतात. कारण साधं आहे. पहिल्या तुकडीच्या आईबाबांनी सगळं केलेलं असतं, आणि मुलं बारावी झाली की तेही घरी जातात. म्हणून समितीत नववीच्या मुलाचे पालक पहिल्या दिवसापासून घ्या, खजिनदाराच्या शेजारी पुढच्या वर्षीचा खजिनदार बसवा, आणि गावातल्या तिसरी ते आठवीच्या लीगला हायस्कूलइतकाच वेळ द्या. शुक्रवारी संध्याकाळी व्हर्सिटीची चार मुलं चौथीच्या सरावाला गेली तर त्याला खर्च काहीच नाही, पण लहान मुलांवर त्याचा परिणाम नव्या जर्सीपेक्षा जास्त होतो.

प्रश्न : सगळा खर्च किती? मुलाने पाठवलेली यादी बघून डोकं गरगरलं. (एक बाबा, एडिसन)

उत्तर : मुलांच्या खेळात अंगावर बरंच काही लागतं : हेल्मेट, ग्लव्ह्ज, छातीचं संरक्षण असलेले शोल्डर पॅड, कोपराचे पॅड, माउथगार्ड, स्टिक, क्लीट्स (खिळ्यांचे बूट). नवं घेतलं तर साधारण ३५० ते ६०० डॉलर. हेल्मेट शाळेने द्यावं हे उत्तम, कारण रंग एक राहतो आणि तपासणी एका हाती राहते. मुलींना स्टिक, गॉगल आणि माउथगार्ड एवढ्यावर भागतं. शंभर ते दोनशे डॉलर. गोलकीपरचा संच मात्र दोन्हीकडे संघानेच घ्यायचा. स्वतःच्या पैशाने महागडा संच घेऊन गोलमध्ये उभं राहायला कोणतंही मूल आपणहून येत नाही, आणि गोलकीपर नसेल तर बाकी तेवीस जणांचा सराव वाया जातो.

स्टिकच्या लांबीत चूक होते. मुलांच्या खेळात छोटी स्टिक ४० ते ४२ इंच, डिफेन्सची लांब स्टिक ५२ ते ७२ इंच, आणि एका वेळी मैदानावर लांब स्टिकवाले चारच. नवख्या मुलाला लांब स्टिक घेऊन देऊ नका. त्याची जागा कोच ठरवेल, तोपर्यंत छोट्या स्टिकवर हात बसू द्या. मुलींची स्टिक वेगळी, झोळी उथळ. दादाची जुनी स्टिक ताईला चालत नाही.

जुनं सामान घ्यायला हरकत नाही, पण दोन गोष्टी सोडून. हेल्मेटवर नॉक्सी या संस्थेच्या मानकाचा शिक्का हवा, तडा नको, आणि ते किती जुनं आहे ते आतल्या लेबलवर वाचून उत्पादकाच्या मुदतीत बसतं का ते पाहा. शोल्डर पॅड २०२२च्या आधीचे असतील तर बहुधा बाद, कारण त्या वर्षापासून छातीच्या संरक्षणाचं एनडी-२०० हे मानक सक्तीचं झालं. गराज सेलमधले वीस डॉलरचे पॅड म्हणूनच वीस डॉलरला असतात.

चेंडू १२० च्या खोक्यात मिळतात. एका संघाला एक खोकं हंगामभर पुरेल असं वाटतं, पुरत नाही. निम्मे झाडीत जातात, उरलेले गुळगुळीत होतात. जुना चेंडू हाताला तुळतुळीत लागला की तो झोळीत नीट बसत नाही, फेक वाकडी जाते आणि मूल स्वतःचं तंत्र बदलायला लागतं. तो फेकून द्या. नवीन संघांना सामानासाठी यूएसए लॅक्रॉस या राष्ट्रीय संस्थेची फर्स्ट स्टिक ही अनुदान योजना आहे. अर्ज जरूर करा.

प्रश्न : आम्ही बूस्टर क्लब (संघासाठी पैसे जमवणारी पालकांची संस्था) काढला. ठरलं असं, की प्रत्येकाची फी ४०० डॉलर, आणि जो जितकी चॉकलेटं विकेल तितकी त्याची फी कमी. एक पालक म्हणतात हे बेकायदा आहे. खरं का? (खजिनदार, प्लेन्सबरो)

उत्तर : ते पालक बरोबर आहेत, त्यांना समितीत घ्या.

५०१(सी)(३) खाली करमाफी घेतलेल्या संस्थेचा पैसा सगळ्या संघासाठी असतो. एका घराने ३०० डॉलरची चॉकलेटं विकली आणि त्या घराची फी तेवढीच कमी झाली, तर संस्थेने त्या घराला खासगी फायदा दिला असा अर्थ होतो. कॅपिटल जिम्नॅस्टिक्स बूस्टर क्लबचा खटला नेमका याच मुद्द्यावर होता. २०१३ साली टॅक्स कोर्टाने निकाल क्लबच्या विरुद्ध दिला आणि त्यांची करमाफी गेली. योग्य पद्धत अशी, की विक्रीचा नफा एका पेटीत जमा करायचा आणि सगळ्यांची फी सारखी कमी करायची. चोवीस मुलांत २,४०० डॉलर नफा झाला, तर प्रत्येकाची फी शंभरने उतरते, ज्याने एकही चॉकलेट विकलं नाही त्याचीसुद्धा. हे अन्यायाचं वाटतं, मान्य. पण "जो विकणार नाही त्याचं मूल खेळणार नाही" हेही करता येत नाही. एखाद्या घराला खरंच परवडत नसेल तर गरजेवर आधारित मदत देता येते. निकष आधी लिहून ठेवा, आणि ज्यांचं मूल अर्जदार आहे त्यांनी त्या बैठकीत बसू नये.

बाकीचं थोडक्यात. ईआयएन हा संस्थेचा करक्रमांक आयआरएस या केंद्रीय करखात्याच्या साइटवर फुकट मिळतो. शाळेचा क्रमांक वापरू नका. वर्षाची आवक ५०,००० डॉलरच्या आत राहील असा अंदाज असेल आणि मालमत्ता अडीच लाखांच्या आत असेल, तर करमाफीचा अर्ज १०२३-ईझेड या फॉर्मवर करता येतो. फी २७५ डॉलर. पुढे दरवर्षी ९९०-एन हे ई-पोस्टकार्ड भरायचं. आर्थिक वर्ष ३० जूनला संपत असेल तर मुदत १५ नोव्हेंबर. भरायला दहा मिनिटं लागतात, आणि सलग तीन वर्षं विसरलं तर करमाफी आपोआप रद्द होते. विसरतं कोण? तर नवा खजिनदार, कारण लॉगिन जुन्या खजिनदाराच्या खासगी ईमेलवर असतं. क्लबच्या नावाचा ईमेल पहिल्याच दिवशी काढा.

चेकवर दोन सह्या, आणि त्या एकाच घरातल्या नकोत. बँकेचं स्टेटमेंट सहीचा अधिकार नसलेल्या तिसऱ्या माणसाने दर महिन्याला तपासायचं. स्टॉलवरची रोकड दोघांनी तिथेच मोजायची, आकडा लिहून दोघांनी सह्या करायच्या. कुणाच्याही खासगी व्हेन्मोवर (फोनवरून पैसे पाठवायच्या ॲपवर) पैसे घेऊ नका. माणूस कितीही सज्जन असला तरी एप्रिलपर्यंत त्यात त्याच्या किराणाचे आणि संघाच्या टी-शर्टचे पैसे एकमेकांत मिसळतात आणि मग कुणालाच काही सिद्ध करता येत नाही.

२५० डॉलर किंवा त्याहून मोठ्या देणगीला लेखी पोच द्यावी लागते. शंभर डॉलरच्या तिकिटात चाळीसचं जेवण असेल, तर करवजावट साठचीच, हे देणगीदाराला लिहून कळवा. तिकीट ७५ च्या वर गेलं की ते बंधनकारक आहे. आणि पन्नास-पन्नासची सोडत (निम्मे पैसे विजेत्याला, निम्मे संघाला) काढायची असेल तर न्यू जर्सीत आधी लीगलाइज्ड गेम्स ऑफ चान्स कंट्रोल कमिशनकडे नोंदणी आणि मग गावच्या क्लार्ककडून परवाना लागतो. ही मंदिरातली भोंडल्याची सोडत नव्हे, की दारात वही ठेवली आणि झालं. कित्येक आठवडे आधी अर्ज करा.

असिस्टंट कोचला बूस्टर क्लबने परस्पर पैसे देऊ नयेत. रक्कम शाळेला दान द्या, बोर्ड मंजूर करेल, पगार शाळेतून होईल.

प्रश्न : मुलांच्या संघाला बूस्टर क्लबने नवी बॅग, जॅकेट आणि गोल घेतले. मुलींना काहीच नाही. "पैसे आमच्या पालकांनी जमवले" असं उत्तर मिळतं. (एका खेळाडूची आई)

उत्तर : शिक्षणात मुलामुलींमधल्या भेदभावाला बंदी घालणाऱ्या १९७२च्या टायटल नाइन या कायद्याखाली हे उत्तर टिकत नाही. पैसा कुणीही जमवला असो, मुलामुलींना मिळणारे लाभ सारखे राखायची जबाबदारी शाळेची असते, आणि बूस्टर क्लबचा पैसाही त्या हिशेबात येतो. भांडण पालकांशी करू नका. ॲथलेटिक डायरेक्टरला आणि जिल्ह्याच्या टायटल नाइन समन्वयकाला लेखी कळवा, वस्तूंची यादी आणि तारखा घालून. दोन्ही संघांचा एकच क्लब असला तर हा प्रश्न सहसा उद्भवतच नाही.

प्रश्न : मी पुण्याहून नातवाकडे आले आहे. तो रोज संध्याकाळी गराजच्या भिंतीवर चेंडू आपटत असतो. परवा तो चेंडू हातात घेतला, दगडच आहे! हा छातीवर लागला तर? (एक आजी)

उत्तर : आजी, काळजी रास्त आहे. चेंडूचं वजन साधारण १४५ ग्रॅम, क्रिकेटच्या चेंडूपेक्षा थोडंसंच कमी. छातीवर, हृदयाच्या ठोक्यातल्या एका नेमक्या क्षणी आघात झाला तर हृदयाची लय बिघडून ते थांबू शकतं. याला कमोशिओ कॉर्डिस म्हणतात. हे फार क्वचित घडतं. वर सांगितलेलं एनडी-२०० मानक त्यासाठीच आलं. पण पॅडने धोका कमी होतो, जात नाही. खरा उपाय एईडी, म्हणजे विजेचा शॉक देऊन हृदयाची लय परत आणणारं यंत्र. शॉक मिळायला उशीर होईल तशी दर मिनिटाला वाचण्याची शक्यता सात ते दहा टक्क्यांनी घटते. न्यू जर्सीत जॅनेट्स लॉप्रमाणे शाळेत एईडी असणं आणि मैदानापासून वाजवी अंतरावर ते मिळणं बंधनकारक आहे.

पालकांनी करायचं काम एकच : सरावाच्या मैदानापासून यंत्रापर्यंत आणि परत घड्याळ लावून चालत जा. इमारत संध्याकाळी सहाला कुलूपबंद होत असेल तर भिंतीवरच्या त्या यंत्राचा उपयोग शून्य. एक फिरतं यंत्र ट्रेनरच्या गाडीत हवं. डोक्याला मार लागल्याची शंका आली तरी त्या दिवशी मूल परत खेळत नाही आणि डॉक्टरच्या लेखी परवानगीशिवाय पुढेही नाही. त्यावर "बरा दिसतोय की" असं म्हणून कोचकडे रदबदली करू नये.

भिंतीवरचा सराव मात्र चालू राहू द्या. उजव्या हाताने पन्नास, डाव्याने पन्नास, मग हात बदलत पन्नास. वीस मिनिटं. डाव्या हाताचं रडगाणं महिनाभर चालतं, मग थांबतं. सरावाला टेनिसचा चेंडू देऊ नका. तो इतका हलका असतो की झोळीत त्याचं वजनच कळत नाही.

प्रश्न : आम्ही सगळे क्रिकेटवर वाढलो. स्टिक कधी हातात धरली नाही. संघाला आमचा काय उपयोग? (तीन बाबा, एकत्र पत्र)

उत्तर : आधी एक गोष्ट करू नका : जमिनीवरचा चेंडू कसा उचलायचा ते शिकवू नका. क्रिकेटमध्ये आपण गुडघा टेकून, शरीर चेंडूच्या मागे आणून तो अडवतो. लॅक्रॉसमध्ये थांबलात की संपलं, मागून दोन जण आलेच. पाय न थांबवता, मागचा हात जवळजवळ गवताला लागेल इतका खाली आणून, चेंडूच्या आधीपासून स्टिक जमिनीला समांतर सरकवत, चेंडूतून पळत जायचं. बाबांनी बाहेरून "बॉडी बिहाइंड!" ओरडलं की पोराचे पाय थबकतात. झेलण्याचं मात्र तुमचंच ज्ञान चालतं : चेंडू येताना हात मऊ सोडून मागे घ्यायचे.

कामं भरपूर आहेत. मुलांच्या घरच्या सामन्याला टेबलावर घड्याळ, स्कोअरबुक आणि पेनल्टीची वेळ पाहायला तीन माणसं लागतात. स्कोअरबुकात फक्त गोल लिहू नका. फेस-ऑफ (खेळ सुरू करताना चेंडूसाठी दोघांची झटापट), ग्राउंड बॉल (जमिनीवरून मिळवलेला चेंडू), सेव्ह, मारलेले आणि गोलात गेलेले शॉट लिहा. हरलेल्या सामन्याचं कारण कोचला सहसा ग्राउंड बॉलच्या रकान्यात सापडतं. एकाने उंचावरून व्हिडिओ घ्यायचा, आणि कॅमेरा चेंडूमागे न पळवता सहाही डिफेन्सवाले दिसतील इतका दूर ठेवायचा.

आणि कुणाचे हात बारीक कामाला बसत असतील तर स्ट्रिंगिंग, म्हणजे स्टिकची झोळी बांधणं, शिका. एका संघात हे येणारा एक माणूस असला की पंचवीस घरांचे पैसे वाचतात. जाळी, साइडवॉलला (स्टिकच्या डोक्याच्या बाजूच्या पट्टीला) ती बांधणाऱ्या दोन दोऱ्या, तळाची दोरी, वर चेंडू सुटतो तिथे आडव्या शूटिंग स्ट्रिंग्ज. नवीन झोळी सैल होते, पावसात भिजली की आणखी. सामन्याच्या आदल्या रात्री स्टिक डोळ्यांच्या पातळीला आडवी धरा, आत चेंडू ठेवा आणि बाजूने बघा. मुलांच्या स्टिकमध्ये चेंडूचा माथा साइडवॉलच्या खालच्या कडेच्या खाली गेला तर झोळी बेकायदा. पंचाने पकडली तर मुलाला बाहेर बसावं लागतं. मुलींच्या स्टिकमध्ये चेंडूचा माथा साइडवॉलच्या वर दिसलाच पाहिजे. उपाय दोन मिनिटांचा : तळाची गाठ सोडा, दोरी अर्धा इंच ओढा, गाठ मारा, परत बघा. पण मग भिंतीवर वीसेक फेका मारून बघायला हव्यात, कारण खोली बदलली की चेंडू सुटण्याची वेळ बदलते. चेंडू पायापाशी आपटायला लागला तर शूटिंग स्ट्रिंग थोडी सैल करा. सामन्याच्या सकाळी हा उद्योग करू नये.

प्रश्न : मुलगी सगळे सराव करते, सामन्यात चार मिनिटं खेळते. कोचशी बोलू का? (एक वडील)

उत्तर : सामन्यानंतर चोवीस तास नाही. त्यानंतर आधी मुलीने स्वतः विचारायचं : "जास्त खेळायचं तर मी काय सुधारू?" पुरेसं उत्तर मिळालं नाही तर तुम्ही भेट मागा, आणि तीही तिच्यासमोर. दुसऱ्या मुलीचं नाव घ्यायचं नाही. आणि बूस्टर क्लबच्या अध्यक्षांनी तर स्वतःच्या मुलीबद्दल हा विषय काढताना दहादा विचार करावा.

प्रश्न : यातून कॉलेजची स्कॉलरशिप मिळते ना? (अनेक पत्रं)

उत्तर : क्वचित, आणि बहुधा अर्धवट. २०२५ पर्यंत डिव्हिजन वनच्या (कॉलेज खेळांच्या सगळ्यात वरच्या गटाच्या) पुरुष संघाला जास्तीत जास्त १२.६ स्कॉलरशिप होत्या, आणि त्या चाळीस-पन्नास जणांत वाटायच्या. आता नियम बदलले आहेत, पण पैसा अमर्याद झालेला नाही. डिव्हिजन थ्रीत खेळासाठी स्कॉलरशिप नसतेच. डिव्हिजन वनचे कोच अकरावीच्या वर्षातल्या १ सप्टेंबरच्या आधी मुलाशी संपर्क साधू शकत नाहीत. त्याआधी सातवीतल्या मुलासाठी हजारो डॉलरचं "रिक्रूटिंग पॅकेज" विकणारा भेटला तर नमस्कार करून पुढे व्हा.

प्रश्न : सामन्याच्या आदल्या दिवशीचं टीम डिनर आमच्याकडे आहे. अठ्ठावीस मुलं. दरवेळी पास्ताच असतो. आपलं काही करू का? (एक आई, पार्सिपनी)

उत्तर : करा, पण वडापाव सामना जिंकल्यावर. आदल्या संध्याकाळी तळलेलं नको. भात, कमी तिखटाची डाळ, पनीर किंवा चिकन, दही, केळी. तांदूळ माणशी सव्वाशे ग्रॅम धरा, म्हणजे साडेतीन किलो. घरच्या कुकरला हे झेपत नाही, शेजारणीचाही आणा. साबुदाण्याची खिचडी आणि दाण्याचे पोहे बाद. अठ्ठावीस मुलांत शेंगदाण्याची ॲलर्जी असलेलं एखादं निघू शकतं आणि कूट डोळ्यांना दिसत नाही. आठवडाभर आधी ॲलर्जीची यादी मागवा, प्रत्येक भांड्यापुढे पदार्थातले घटक लिहिलेली चिठ्ठी लावा आणि डाव वेगवेगळे ठेवा. सात वाजता जेवण, साडेआठला मुलं घरी. पास्ताचं एक छोटं पातेलं तरीही ठेवाच. एकदोघं तेवढंच खातात.